मुळाशी झालेला तह

नाशिक, सांगली किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या द्राक्षबागेत वेलीच्या बुंध्यापाशी वाकून पाहिले, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर एक गाठाळ सांधा दिसतो. सांध्याच्या वरची वेल थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका अशा ओळखीच्या वाणाची असते. खालची मात्र निराळ्याच जातीची. बागायतदार तिला ‘खुंट’ म्हणतात, आणि पुष्कळदा तो खुंट ‘डॉगरीज’चा असतो. हे नाव अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका ठिकाणाचे आहे. त्याच बागेत दमट हवेच्या दिवसांत मोरचूद आणि चुना ह्यांचे निळसर द्रावण फवारले जाते. ते ‘बोर्डो मिश्रण’. आणि हे नाव फ्रान्समधल्या बोर्दो शहराचे. गोदावरीच्या किंवा कृष्णेच्या खोऱ्यात उभ्या असलेल्या एका वेलीत एवढा भूगोल कसा येऊन बसला, हा प्रश्न बागेत काम करणाऱ्याला सहसा पडत नाही. पडण्याचे कारणही नाही; पण त्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे.

आपल्याकडे खुंट स्वीकारला गेला तो खारवट पाणी आणि अवर्षण ह्यांपुढे वेलीने टिकाव धरावा म्हणून. एका जातीच्या वेलीला दुसऱ्या जातीची मुळे देऊन देशभराच्या बागा नव्याने उभ्या करायच्या, ही कल्पना मात्र वेगळ्याच संकटातून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दक्षिण फ्रान्समध्ये आकाराला आली. त्या संकटाचा कर्ता होता डोळ्यांना जेमतेम दिसणारा, माव्याच्या नात्यातला एक पिवळसर कीटक. त्याच्या आधी एक बुरशी येऊन गेली होती, आणि त्याच्या मागून आणखी एक सूक्ष्मजीव आला. ह्या तिघांची हकीकत वाइनच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. आम्हांस ती येथे सांगावीशी वाटते ती वाइनसाठी नव्हे. झाड आणि त्याच्यावर जगणारा जीव ह्यांच्या नात्याविषयी माणसाची जी समजूत होती, ती त्या तीस-चाळीस वर्षांत पार बदलली. ‘रोग म्हणजे काय, आणि त्याचा कर्ता कोण’ ह्या प्रश्नाचे तेव्हा जे उत्तर मिळाले, ते आपण अजूनही पुरते पचवलेले नाही, असे आमचे मत आहे.

सुरुवात भुरीपासून करावी लागते. १८४५ साली इंग्लंडमधील मार्गेट येथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर पिठासारखी पांढरी बुरशी पसरलेली दिसली. धर्मोपदेशक आणि बुरशीतज्ज्ञ असलेल्या माइल्स बर्कली ह्यांनी १८४७ साली तिला टकरचेच नाव देऊन टाकले. आपले बागायतदार जिला भुरी म्हणतात, तीच ही. काही वर्षांतच ती फ्रान्सभर पसरली, आणि १८५४ साली तिथले वाइनचे उत्पादन एरवीच्या सुमारे चतुर्थांशावर आले. गंधकाच्या धुरळणीने भुरी आटोक्यात येते हे लवकरच ध्यानात आले, आणि बागा सावरल्या. परंतु ह्या अनुभवातून एक गोष्ट लोकांच्या मनात राहून गेली : ‘इझाबेला’सारख्या काही अमेरिकन वेलींना भुरीची फारशी बाधा होत नाही. साहजिकच अशा वेली मागवण्याची हौस वाढली. शिडाच्या जहाजांच्या काळात अटलांटिक ओलांडताना कित्येक आठवडे जात. मुळ्या सुकत आणि त्यांवरचे जीवही मरत. आगबोटींनी ते अंतर दहा-बारा दिवसांवर आणले. वेली जिवंत पोचू लागल्या, आणि वेलींवरचे पाहुणेही.

ऱ्होन नदीकाठच्या रोकमोर गावातल्या बोर्ती नावाच्या एका मद्यव्यापाऱ्याने १८६२ साली न्यूयॉर्कहून मित्राने पाठवलेल्या अशाच काही वेली घरामागच्या बागेत लावल्या. पुढल्याच वर्षी जवळच्या प्यूझो गावात द्राक्षवेली अकारण वाळताना दिसल्या. सगळे अरिष्ट त्या एकाच पेटीतून आले असे मात्र समजू नये. त्याच १८६३ साली लंडनजवळच्या हॅमरस्मिथ येथील काचघरातली, गाठी आलेली द्राक्षाची पाने ऑक्सफर्डच्या वेस्टवूड ह्यांच्याकडे तपासणीसाठी आली होती. अमेरिकन वेलींचा व्यापार अनेक वाटांनी चालला होता, आणि कीटकालाही तेवढ्याच वाटा मोकळ्या होत्या.

रोगाची लक्षणे गोंधळात टाकणारी होती. बागेच्या मध्यावर कुठेतरी चार-दोन वेलींची पाने ऐन उन्हाळ्यात पिवळी पडत, मग कडेने लाल होत. दुसऱ्या वर्षी फळ धरले तरी पिकत नसे. तिसऱ्या वर्षी वेल मरे. दरम्यान पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा हा डाग चहूकडे वाढलेला असे. मेलेली वेल उपटली तर मुळे काळी, कुजकी आणि ठिसूळ झालेली. पण त्यांवर कीड नाही, अळी नाही, काहीच नाही. थंडी, अवर्षण, जमिनीचा थकवा, अगदी दैवी कोप, अशी सर्व कारणे सांगून झाली.

अखेर माँपेलिए येथील कृषिसंस्थेने एक समिती नेमली. १५ जुलै १८६८ रोजी सँ-रेमी गावाजवळच्या एका बागेत समितीचे तीन सभासद उतरले : बागायतदार गास्तों बाझिय, रोपवाटिकेचा जाणकार फेलिक्स साह्यू, आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झ्यूल-एमिल प्लांशों. मेलेल्या वेलींखाली नेहमीप्रमाणे काही सापडले नाही. मग त्यांनी शेजारची, वरून निरोगी दिसणारी वेल उपटली. भिंगातून पाहतात तो मुळांवर पिवळ्या ठिपक्यांची दाटी. आणि ते ठिपके जिवंत होते. वेल मरू लागली की कीटक तिला सोडून शेजारणीच्या मुळांवर जात. म्हणजे आजवर सगळे जण गुन्हेगार निघून गेल्यानंतरच त्या जागी पोचत होते. प्रेतापाशी शोधण्याऐवजी जिवंताकडे पाहावे, एवढेच त्या तिघांनी केले. आणि पाच वर्षांचे कोडे एका दिवसात सुटले.

प्लांशों ह्यांनी कीटकाला जे नाव दिले ते पुढे ‘फिलॉक्सेरा व्हास्टाट्रिक्स’ असे रूढ झाले. व्हास्टाट्रिक्स म्हणजे उद्ध्वस्त करणारी. पण ही ‘उद्ध्वस्त करणारी’ आली कुठून? न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ एसा फिच ह्यांनी १८५०च्या दशकातच तिथल्या रानद्राक्षांच्या पानांवर गाठी करणाऱ्या एका कीटकाचे वर्णन केले होते. त्या वर्णनात उद्ध्वस्तपणाचे नावही नव्हते. पानांवर फोड आणणारा एक सामान्य जीव, एवढीच त्याची नोंद. प्लांशों ह्यांचे मेहुणे लिख्टेनश्टाइन ह्यांनी तर्क केला की फिच ह्यांचा पानांवरचा कीटक आणि फ्रान्समधला मुळांवरचा कीटक एकच असावा. मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली १८७१ साली फ्रान्सला गेले, त्यांनी दोन्हीकडचे कीटक ताडून पाहिले, आणि तो तर्क खरा ठरला.

येथे क्षणभर थांबून ह्या जीवाचे आयुष्य पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. फिलॉक्सेराच्या माद्या नराविनाच माद्यांना जन्म देत पिढ्यांमागून पिढ्या काढतात. नर-मादीची पिढी उन्हाळ्याच्या शेवटी येते, आणि तिला खाण्यासाठी तोंडच नसते. संयोग झाला की मादी सालीच्या आडोशाला एकच अंडे घालून मरते. वसंतात त्या अंड्यातून निघालेली मादी कोवळ्या पानात सोंड खुपसते, तेव्हा पान स्वतःच तिच्याभोवती एक पोकळ गाठ रचते. घर बांधायचे वेलीने, राहायचे पाहुणीने. पुढल्या पिढ्यांतली काही पिल्ले खाली उतरून मुळांवर वस्ती करतात. अमेरिकेतल्या रानवेलींवर हे सारे चक्र चालते आणि वेल तरीही जगते. पानांवर गाठी येतात, बारीक मुळ्यांच्या टोकांना सूज येते. पण जाड मुळाला दंश झाला की वेल त्या जागेखाली बुचासारखा, म्हणजे झाडाच्या सालीत असतो तसा, एक थर धरते आणि जखम उरलेल्या मुळापासून तोडून टाकते.

युरोपातल्या वेलीला, वनस्पतिशास्त्रात जिला ‘व्हायटिस व्हिनिफेरा’ म्हणतात तिला, हा कीटक कधी भेटलाच नव्हता. तिच्या पानांवर तो क्वचितच घर करू शकतो. मुळांवर मात्र त्याला आडकाठी उरत नाही. जखमेखाली बुचाचा थर नीट धरत नाही, सूज फुटते, आणि त्या फटीतून मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू आत शिरतात. पुष्कळशी कूज ह्या दुसऱ्या टोळीची करणी असते. कीटक दार उघडतो आणि सूक्ष्मजीव घर लुटतात. म्हणजे ज्याला आपण एक रोग म्हणतो, तो खरे पाहता तिघांचा व्यवहार आहे : वेल, कीटक आणि माती. ह्यांपैकी एकाचेही नाव वगळले तर हकीकत खोटी पडते.

नेमक्या ह्याच मुद्द्यावर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला. त्याचे बोलके सूत्र ‘फिलॉक्सेरा कारण, की फिलॉक्सेरा परिणाम?’ असे होते. पॅरिसमधले सिन्योरे हे नावाजलेले कीटकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या मताचे अनेक लोक म्हणत की निरोगी झाडाला कीड लागत नाही. वेल आधीच दुबळी झाली आहे. शतकानुशतके काड्या लावून वाढवल्यामुळे, अति छाटणीमुळे आणि थकलेल्या जमिनीमुळे तिचे सत्त्व गेले आहे. कीटक हा त्या दुबळेपणाचा परिणाम होय. अगदी असाच वाद वीसेक वर्षांपूर्वी बटाट्याच्या करप्याविषयी झाला होता. १८४६ साली बर्कली ह्यांनी आयर्लंडातला बटाटा नासवणारी बुरशी हेच रोगाचे कारण आहे असे सांगितले, तेव्हा बहुतेक जाणकार त्या बुरशीला कुजण्याचा परिणाम मानत होते. आणि फिलॉक्सेरा जिथे प्रथम दिसला, त्याच गार परगण्यातल्या अलेस येथे लुई पाश्चर १८६५ पासून रेशीमकिड्यांच्या रोगांचा छडा लावत होते. सजीवाच्या रोगाला दुसरा सजीव कारण असू शकतो, ही कल्पना तेव्हा नुकती कुठे उभी राहू पाहत होती.

वस्तुस्थितीपुरते बोलायचे तर प्लांशों बरोबर होते आणि सिन्योरे चूक. निरोगी, तरुण, उत्तम निगा राखलेल्या बागाही मेल्या. तथापि आज मागे वळून पाहताना हरलेल्या पक्षाचा एक प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. कीटकच जर कारण, तर तोच कीटक मिसूरीत वेल का मारत नाही? कारण केवळ कीटकात असते तर तो सर्वत्र मारेकरी ठरला असता. उत्तराचा अर्धा भाग यजमानाकडे होता. मात्र सिन्योरे-पक्ष समजला तसा तो वेलीच्या दुबळेपणात नव्हता; तो वेलीच्या अपरिचयात होता. रायली हे डार्विनच्या विचारांचे होते, आणि त्यांनी ही गोष्ट स्पष्टपणे मांडली : अमेरिकेत ज्या वेली ह्या कीटकापुढे टिकल्या त्यांचाच वंश उरला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ह्या निवडीतून दोघांचा जम बसला. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला होता. त्यातल्या तत्त्वाची इतकी रोकडी प्रचीती शेतकऱ्याच्या बांधावर इतक्या लवकर येईल असे कोणाला वाटले नसेल.

परंतु तत्त्व समजणे निराळे आणि ते पत्करणे निराळे. आधी सगळे मारण्याचे उपाय होऊन गेले. फ्रेंच सरकारने १८७० साली वीस हजार फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८७४ साली ते तीन लाखांवर नेले. शेकडो उपाय सुचवले गेले. वेलीखाली जिवंत भेक पुरावा, इथपर्यंत मजल गेली. खरोखर उपयोगी पडले ते तीनच. फोकों ह्यांनी हिवाळ्यात बाग चाळीसेक दिवस पाण्याखाली ठेवून कीटक बुडवले. पण सपाट रान आणि मुबलक पाणी कितीजणांकडे असणार? एग-मोर्तजवळच्या समुद्रकाठच्या वाळूत कीटक जगत नाही असे दिसले, म्हणून तिथे बागा लागल्या. पण वाळू सर्वत्र नाही. तिसरा उपाय कार्बन डायसल्फाइडचा. ह्या दुर्गंधी, ज्वालाग्राही आणि विषारी द्रवाचे मोठ्या पिचकारीसारख्या अवजाराने जमिनीत डोस द्यायचे. पहिल्या प्रयोगात कीटकाबरोबर वेलीही मेल्या. पुढे प्रमाण बसले, पण खर्च दरवर्षीचा होता आणि तो धनिकांनाच झेपणारा होता. दरम्यान बागा जातच राहिल्या. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४५ लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २ कोटी ३४ लाखांवर आली.

चौथा उपाय १८६९ सालीच सुचवला गेला होता. बोर्दोच्या लालिमाँ ह्यांच्या बागेत काही अमेरिकन वेली शेजारच्या मरत्या वेलींत हिरव्यागार उभ्या होत्या. अमेरिकन द्राक्षाची चव फ्रेंचांना रुचत नव्हती. तिला ते ‘कोल्ह्याची’ चव म्हणत. मग मूळ अमेरिकन ठेवावे आणि वर फ्रेंच वेलीचे कलम बांधावे, हा विचार लालिमाँ आणि बाझिय ह्यांच्यासारख्यांनी पुढे मांडला. प्लांशों १८७३ साली स्वतः अमेरिकेत जाऊन रानवेली पाहून आले. मिसूरी आणि टेक्सासमधल्या रोपवाटिकाकारांनी आगबोटी भरभरून काड्या पाठवल्या. बक्षिसाची रक्कम मात्र कोणालाच मिळाली नाही. लालिमाँ ह्यांनी हक्क सांगितला, तेव्हा उलट त्यांच्याच बागेतून कीड पसरली असावी असा संशय घेतला गेला. जिथून दुखणे आले तिथूनच औषध यावे, हे सरकारी कागदावर बसण्याजोगे नव्हते.

खरा विरोध मात्र मनातला होता. फ्रान्समध्ये ‘गंधकवाले’ आणि ‘अमेरिकावाले’ असे दोन तट पडले. पहिल्यांचे म्हणणे असे की विष घालून का होईना, आपली वेल आपल्याच मुळांवर राहिली पाहिजे. ज्या कीटकाने आम्हांस लुटले, त्याच्याच देशाची मुळे आमच्या मातीत कशी घालायची? परकी मुळे आली की वाइनचा आत्माच बदलेल. बर्गंडीत अमेरिकन वेलींना अधिकृत वाट १८८७ सालापर्यंत मिळाली नाही. शुद्धतेचा हा आग्रह आपल्याला परका वाटू नये. भाषा, रक्त, परंपरा ह्यांविषयी तो आपल्याकडेही रोज ऐकू येतो. म्हणून त्याची परीक्षा वेलीने कशी घेतली हे पाहण्याजोगे आहे. बर्गंडीतल्या रोमाने-कोंती ह्या अतिविख्यात बागेने कार्बन डायसल्फाइडच्या जोरावर आपल्या मुळांवरच्या वेली अनेक दशके जगवल्या. दुसऱ्या महायुद्धात रसायने आणि मजूर दोन्ही दुर्मीळ झाले. १९४५ सालचे तुटपुंजे पीक हे त्या वेलींचे शेवटचे. त्यानंतर त्या उपटल्या गेल्या आणि अमेरिकन खुंटांवर नवी लागवड झाली. आज त्या बागेच्या वाइनला जगातल्या सर्वांत महाग वाइनमध्ये गणले जाते. तिची मुळे कुठली हे तिच्या चाहत्यांना ठाऊक असते, आणि त्यांचे काही अडत नाही.

अमेरिकावाल्यांचा मार्गही सरळ नव्हता. ‘रिपारिया’ ह्या नदीकाठच्या जातीचे खुंट शारांत परगण्याच्या खडूमय जमिनीत पिवळे पडून मरू लागले. कीटकाशी परिचय होता, पण मातीशी नव्हता. म्हणून १८८७ साली पिएर विआला ह्यांना अमेरिकेत धाडण्यात आले. खडूसारख्याच जमिनीत आपोआप वाढणारी रानवेल त्यांना हवी होती. टेक्सासमधील डेनिसन येथे टी. व्ही. मन्सन ह्यांनी त्यांना ‘बर्लांडिएरी’सारख्या जातींची वाट दाखवली. पुढे ह्या जातींच्या संकरातून जे खुंट झाले त्यांवर युरोपातल्या कितीतरी बागा आजही उभ्या आहेत. मन्सन ह्यांना १८८८ साली फ्रेंच सरकारने सन्मानित केले. ‘डॉगरीज’ हा खुंटही मन्सन ह्यांनीच टेक्सासच्या रानातून निवडलेला आहे. फ्रान्सच्या अडचणीतून जी शोधयात्रा सुरू झाली, तिच्यातली एक काडी सरतेशेवटी आपल्या दुष्काळी तालुक्यांत रुजली ती अशी.

तहाची किंमतही द्यावी लागली. काड्यांबरोबर आणखी एक पाहुणा आला. १८७८ साली प्लांशों ह्यांनी फ्रान्समध्ये तो ओळखला : आपल्याकडे ज्याला केवडा किंवा नुसते ‘डाऊनी’ म्हणतात, तो रोग. त्याचा कर्ता दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरश्यांच्या कुळातला नाही. तो तपकिरी शेवाळांच्या दूरच्या नात्यातला. पानावर दव किंवा पावसाचा थेंब असला की त्याचे बीजाणू त्या थेंबात पोहतात, पानाच्या रंध्राशी येतात आणि आत रुजतात. भुरीवरचे गंधक त्याच्यापुढे चालले नाही. १८८२ सालच्या ऑक्टोबरात बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे सँ-झ्युलिएँ गावातून जात असता त्यांना दिसले की सगळीकडे पाने गळून गेली आहेत, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळले, की वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळे डाग पाहून लोक विषाला भितात. मिलार्दे ह्यांनी रसायनज्ञ गायों ह्यांच्या मदतीने प्रमाण बसवले आणि १८८५ साली ते जाहीर केले. तेच बोर्डो मिश्रण. थेंबात उतरलेले तांबे पोहणाऱ्या बीजाणूंना मारते. म्हणून ते रोग होण्याआधी फवारावे लागते, नंतर नव्हे. हे आपल्या बागायतदाराला पक्के ठाऊक असते. ते तांबे मातीतून जात नाही, हेही आता ठाऊक झाले आहे. १९व्या शतकातली ही फवारणी शतकभर साचत राहिली, आणि युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे अशी मर्यादा घातली.

माणसांनाही किंमत द्यावी लागली. कलमी लागवड महाग होती. डोंगरउतारावरच्या लहान बागा मोडल्या त्या पुन्हा लागल्याच नाहीत. अनेक कुटुंबे अल्जीरियात गेली, आणि तिथे मूळच्या रहिवाशांच्या जमिनीवर फ्रेंच द्राक्षमळे फोफावले. टंचाईच्या काळात मनुक्यांपासून वाइन करण्याचा धंदा एवढा वाढला की वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांची, हे १८८९ साली कायद्याने सांगावे लागले. दक्षिणेच्या सपाटीवर भरघोस पिकाच्या नव्या बागा आल्या, भाव कोसळले, आणि १९०७ साली तिथल्या उत्पादकांनी जे आंदोलन केले त्यात नार्बोन येथे सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. एका कीटकाची हकीकत अशी बंदुकीपर्यंत जाते.

तह झाला म्हणजे कायमचा झाला, असेही नाही. फिलॉक्सेरा युरोपातून गेलेला नाही. तो मातीत आहेच, फक्त त्याच्यासमोर आता परिचयाची मुळे आहेत. ही गोष्ट विसरल्यास काय होते ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथे ‘एएक्सआर-१’ नावाच्या खुंटावर विसाव्या शतकात हजारो एकर बागा लागल्या, कारण त्यावर पीक भरघोस येई. त्या खुंटाच्या आईबापांपैकी एक युरोपीय वेल होती. हा खुंट कमजोर असल्याचा अनुभव इतर देशांनी आधीच घेतला होता. १९८०च्या दशकात नापा आणि सोनोमा खोऱ्यांत त्याच्या मुळांवर फिलॉक्सेराची वस्ती दिसली, आणि त्या बागा मोठ्या खर्चाने पुन्हा लावाव्या लागल्या. कीटकही बसून नव्हता. ह्या खुंटावर अधिक जोमाने वाढणारे त्याचे वाण पुढे आले होते.

२०२० साली फिलॉक्सेराच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन हजार सातशेहून अधिक जनुकांचे एक प्रचंड कुटुंब आढळले. ह्या जनुकांतून तयार होणारी प्रथिने कीटक झाडाच्या पेशींत सोडून त्याचा बचाव भुलवत असावा, असे संशोधकांना वाटते. त्याच अभ्यासात असेही दिसले की युरोपात आलेला कीटक मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या, ‘रिपारिया’ वेलीवरच्या फिलॉक्सेराशी सर्वांत जवळचा आहे. म्हणजे फ्रेंचांनी तहासाठी जी मुळे प्रथम मागवली, त्यांत त्या कीटकाच्या जुन्या यजमानाचीही मुळे होती. हजारो वर्षे एकीकडून किल्ली आणि दुसरीकडून कुलूप बदलत आलेले हे दोघे. त्यांच्या भांडणातच त्यांची ओळख साठलेली होती. माणसाने ती निर्माण केली नाही. त्याने ती उसनी घेतली.

आम्हांस ह्या इतिहासातून दिसते ते एवढेच. रोगट किंवा निरुपद्रवी असा शिक्का कोणत्याही जीवावर एकट्याने मारता येत नाही. तो कोणाच्या घरी गेला आहे, आणि त्या घराने त्याला पूर्वी पाहिले आहे काय, ह्यावर ते ठरते. फिच ह्यांच्या वहीतला क्षुल्लक जीव आणि प्लांशों ह्यांची ‘उद्ध्वस्त करणारी’ हे दोन कीटक नव्हते. एकाच कीटकाची ती दोन घरांतली दोन रूपे होती. आज रोपे, बियाणे आणि फळे पूर्वीच्या कोणत्याही आगबोटीपेक्षा वेगाने जगभर फिरतात, आणि अशा अनोळखी भेटी दररोज घडतात. नवी कीड आली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो तिला मारायचे कशाने हा. ती जिथली आहे तिथे ती कोणाबरोबर आणि कशी जगते, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. फ्रान्सला तो पत्करायला वीस वर्षे लागली, आणि तेवढ्यात निम्म्याहून अधिक पीक गेले.

पुढल्या खेपेस द्राक्षबागेत जाण्याचा योग आला, तर वरच्या घडांकडे पाहून झाल्यावर वाचकांनी बुंध्याजवळचा तो गाठाळ सांधाही पाहावा. तो विजयस्तंभ नाही. दोन अनोळखी जीवांमध्ये माणसाने लावून दिलेला तो एक तह आहे, आणि तो दर हंगामात पाळावा लागतो.